उघड्या डोळ्यांची प्रार्थना

१

शेवटचा साधासुधा दिवस रविवारचा होता, आणि त्या दिवशी इवा आईशी धड बोललीसुद्धा नाही. भांडण वगैरे काही नव्हतं. ती पेपर तपासत होती, एवढंच.

शिरूरच्या मिशन कंपाउंडच्या मागं, दोन खोल्यांच्या घरात दयाबाई सतरंजीवर बसून पांढऱ्या सॅटिनला झालर लावत होत्या. शवपेटीचं अस्तर होतं ते. शिरूरपासून दौंडपर्यंत ख्रिस्ती मंडळीत कुठंही बाई गेली की पहिला निरोप दयाबाईंना जायचा. अंघोळ घालायची, केस विंचरायचे, पांढरी साडी नेसवायची, पेटीत उशी बसवायची, हे काम त्यांनी उभी हयात केलं. कुणी नाक मुरडलं तर त्या म्हणायच्या, "येताना सुईण लागती, तशी जाताना मी लागते. दोघींनी नाकाला पदर लावला तर माणसानं यावं-जावं कसं?"

हातातलं काम थांबलं की दोरा ओवलेली जाड सुई पोलक्याच्या डाव्या खांद्यावर खोचायची, ही त्यांची सवय. स्वयंपाक करताना, चर्चमध्ये, बाजारात, सुई तिथंच. लहानपणी इवा मिठी मारायला गेली की ती टोचायची. पुण्याच्या कॉलेजात साहित्य शिकवणारी इवा अजूनही आईला उजव्या बाजूनंच भेटायची.

"इवे, एक इचारू?" दयाबाई दोरा दातानं तोडत म्हणाल्या. "बायका झोपताना अंबाडा सोडत्यात ना?"

"सोडत असतील."

"सोडत्यातच. आकडे टोचत्यात मानेला. आन् पदर? डोक्यावर पदर घेऊन कुणी झोपतं का?"

इवानं पेपरातून डोकं वर काढलं नाही. "आई, मी बॉबकटवाली. मला काय विचारतेस?"

"व्हय बाई. तुझं डोकं म्हंजी कापून नेलेलं शेत." दयाबाई हसल्या आणि विषय तिथंच पडला.

दिवेलागणीला प्रार्थना झाली. मिशनची जुनी रीत होती त्यांची. खाली बसायचं, पदर कपाळापर्यंत ओढायचा, डोळे मिटायचे, आवाज चढवायचा नाही. इवा लहान असताना प्रार्थनेत डोळे किलकिले करून बघायची. नंतर आई रागवायची तेव्हा ती विचारायची, तुझे मिटलेले होते तर तुला कसं दिसलं? त्यावर दयाबाई नुसत्या हसायच्या. कॉलेजात गेल्यावर इवाचा विश्वास हळूहळू गेला. तिनं आमेन म्हणणं सोडलं. दयाबाईंनी कधी विचारलं नाही. पण प्रार्थना संपली की त्या एक श्वासभर थांबायच्या, लेकीच्या तोंडून शब्द येतो का बघायच्या, मग स्वतःच म्हणायच्या आणि चहा टाकायला उठायच्या. त्या संध्याकाळीही तसंच झालं.

एसटी स्टँडवर दयाबाईंनी तिच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी कोंबली. "माझी वेळ येईल तवा अंघोळ तू घालायची. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा न्हाई."

"आई, काहीतरी बोलू नकोस."

"बोलत न्हाई. सांगते."

गाडी सुटली. मंगळवारी सकाळी, आईचं बीपी बघायला येणाऱ्या सुषमाचा फोन आला की दयाबाई उठत नाहीत.

२

कुणी गेलं की जिला हाक जायची, तिच्याच दारात आज हाक कुणाला द्यायची हे बायकांना कळत नव्हतं. त्या अंगणात घोळका करून उभ्या होत्या. झोपेत गेली, भाग्याची, असं एकमेकींना सांगत होत्या. शेजारच्या भागुबाईनं पाणी तापवून ठेवलं होतं. भागुबाई एकटीच राहायची, मुलगा नाशिकला असायचा. अंघोळ घालायच्या कामात दयाबाईंचा दुसरा हात म्हणजे तीच.

दौंडहून ऑस्टिनमामाही येऊन पोचले होते. ते रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. सख्खे कुणी नव्हेत, पण इवा त्यांना मामाच म्हणत मोठी झाली. स्कूटरवरून गावोगाव फिरायचे, एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी प्रार्थना घ्यायचे, दफनाला हार्मोनियम वाजवायचे. त्यांनी इवाच्या डोक्यावर डावा हात ठेवला. प्रभूनं तिला शांतपणे नेलं, म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

इवानं बायकांना सांगितलं की अंघोळ ती एकटी घालणार आहे. दार लावून घेतलं. मग तिच्या लक्षात आलं की तिला सुरुवात कुठून करायची तेही माहीत नाही. आई केसांपासून सुरुवात करायची, एवढं आठवलं.

आईच्या डोक्यावर पदर होता. सरकलेला नव्हता. कपाळापर्यंत नीट ओढलेला होता. तिनं तो मागं केला. खाली अंबाडा घट्ट बांधलेला होता आणि त्यात आकडे तसेच होते.

इवा खाली बसली. रविवारचे दोन्ही प्रश्न तिच्यासमोर येऊन उभे राहिले. आई गप्पा मारत नव्हती. आई विचारत होती.

चादर आईच्या गळ्यापर्यंत सारखी केलेली होती. पोलक्याच्या डाव्या खांद्यावर हात फिरवला तेव्हा तिथं सुई नव्हती. उजव्या हाताची मूठ मात्र दगडासारखी मिटलेली होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, प्रार्थनेतच हात मिटला. इवानं एकेक बोट सोडवलं. आत पांढरा दोरा होता आणि दोऱ्याच्या टोकाला सुई होती.

अर्धीच सुई. नेढ्याकडची. टोकाकडचा अर्धा भाग कुठंच नव्हता.

तिनं तापलेलं पाणी बाजूला सारलं, दार उघडलं आणि बायकांना सांगितलं की अंघोळ आत्ता होणार नाही. मग पोलीस ठाण्यात धम्मदीपला फोन लावला.

३

धम्मदीप शाळेत इवाच्या एक वर्ग मागं होता. आता शिरूरला उपनिरीक्षक होता. त्याच्या शाळेच्या खाकी चड्डीची शिवण दयाबाईंनी किती वेळा घातली असेल कोण जाणे. त्यानं खोलीत येऊन आधी टोपी काढली, मग मुठीतली सुई बघितली, आणि म्हणाला, "इवाताई, शवविच्छेदन करावं लागेल. मंडळी ओरडतील."

"ओरडू देत."

मंडळी ओरडलीच. शिकलेल्या पोरीनं आईचा देह चिरायला दिला, आईला एकटी टाकून गेली ती गेलीच, आता वर हे. इवानं सगळं ऐकून घेतलं. तिला एकच हवं होतं. आईच्या नावापुढं झोपेत गेली असं लागू नये. ती झोपली नव्हती. काय केलं होतं ते अजून कळायचं होतं, पण झोपली नव्हती हे नक्की.

डॉक्टरांनी सांगितलं, गुदमरून. नाकातोंडावर काहीतरी मऊ दाबलेलं होतं.

इवानं भागुबाईला आत बोलावलं आणि आईच्या फोनवरच्या बोलण्यात येऊन गेलेल्या साखरबाई, कुशाबाई, सुभक्ताबाई या तिघींबद्दल विचारलं. तिघी वर्षभरात गेल्या होत्या. साखरबाई शिरूरचीच, कुशाबाई कासुर्डीची, सुभक्ताबाई दौंडची. तिघी एकट्या राहायच्या, तिघी झोपेत गेल्या, तिघींना अंघोळ दयाबाई आणि भागुबाईनं घातली होती.

"त्यांचे अंबाडे?"

भागुबाईनं तोंडावर हात ठेवला. "बांधलेले व्हते. तुझ्या आईनं सोडले. पदरबी व्हता डोक्यावर. कुशाबाईच्या वक्ताला मी म्हनले, किती देवभोळी, झोपतानाबी पदर घेतीया. दयाबाई काय बोलली न्हाई. सुभक्ताबाईच्या वक्ताला तर अंघोळ होईस्तवर गप्पच."

धम्मदीप वहीवर पेन ठेवून नुसता ऐकत राहिला. एक नाही, चार. आणि कुणालाच कळलं नव्हतं, मेलेल्यांचे केस विंचरणारी एक बाई सोडून.

मग सुषमा. ती सणसवाडीच्या एका कंपनीत प्रथमोपचाराच्या खोलीत कामाला होती आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं बीपी बघून जायची. देह तिलाच सापडला होता, म्हणून अंगणात तिच्या नावानं कुजबुज सुरू झाली होती. आपल्यातली नाही, सगळ्या घरांत जा-ये, गोळ्या तीच देते. सुषमा भिंतीला टेकून बसली होती.  मग एकदम रडायला लागली.

"ताई, मला बोलावलं व्हतं त्यांनी. सोमवारी. म्हनल्या, दिवस मावळायच्या आत ये, आन् दार लोटलेलं असलं तरी हाक मारू नको, सरळ आत ये. मी हो म्हनले. आन् सुपरवायझरनं ओव्हरटाइम लावला. मी आलेच न्हाई."

"कोण येणार होतं ते सांगितलं?"

"न्हाई. मी इचारलं, पाव्हणे हायेत का? तर म्हनल्या, बघायचंय मला, पाव्हणाच हाय का ते."

इवा उठून खिडकीशी गेली. म्हणजे आईला कुणाचा तरी संशय होता. पुरावा नव्हता, म्हणून तिनं नाव घेतलं नाही. खात्री नसताना कुणाच्या चारित्र्याला हात लावायचा नाही, हा तिचा जुना हट्ट होता. मग साक्षीदार बोलावून ती त्या माणसाची वाट बघत बसली होती. खांद्यावर सुई खोचून.

बाहेर मोटरसायकल थांबली. कारेगावचा टोनी आला होता, आणि त्याच्या उजव्या हाताला भलंमोठं बँडेज होतं.

४

टोनी रांजणगावच्या कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी कारेगावात भाड्याच्या हॉलमध्ये स्वतःची प्रार्थनासभा चालवायचा. ड्रम, कीबोर्ड, माइक, सगळं. जुन्या मंडळीतल्या बायकांनी तिकडं यावं म्हणून घरोघर फिरायचा. दयाबाईंनी त्याला दोनदा दारातूनच परत पाठवलं होतं. देव बहिरा नाही, म्हणाल्या होत्या, आणि मीही नाही.

धम्मदीपनं बँडेजकडं बोट केलं. टोनी म्हणाला, मोल्डिंग मशीनवर भाजलं. कधी? सोमवारी. अंगणातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"मला माहीत आहे तुम्ही काय विचार करताय," टोनी म्हणाला. "साखरबाईकडं मी जायचो. कुशाबाईकडंपण. दयाबाईंनी मला हाकललं, हेपण खरं. पण सर, माझ्या प्रेयरमध्ये आम्ही उभं राहतो, हात वर करतो, टाळ्या वाजवतो. या मावश्या मला नाटकवाला म्हणायच्या. माझ्यापुढं त्यांनी एकदापण डोळे मिटले नाहीत."

धम्मदीपनं त्याला शिरूर सोडायचं नाही असं बजावलं. ठाण्यातल्या साहेबांना टोनीच हवा होता, जखमेसकट आयता मिळालेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी देह परत मिळाला आणि इवानं अंघोळ घातली. भागुबाई तोंडानं सांगत गेली, इवाचे हात करत गेले. दयाबाईंनी रविवारी ज्या सॅटिनला झालर लावली होती, तेच त्यांच्या शवपेटीला लागलं. झालर शेवटी थोडी अपुरी होती. इवानं ती तशीच ठेवली.

दफनभूमीत ऑस्टिनमामांनी गायन घेतलं. आवाज तोच, भरदार. पण हार्मोनियम झाकलेलीच राहिली. ते म्हणाले, आज माझा हात धजत नाही, दयाबाईसाठी वाजवायची ताकद माझ्यात नाही. अर्धी मंडळी तिथंच हुंदके द्यायला लागली.

मग मूठमाती. एकेक जण पुढं येऊन उजव्या हातानं माती घालत होता. टोनी आला. सगळ्यांच्या नजरा त्याच्या हातावर. त्यानं वाकून बँडेजच्याच हातात माती घेतली, वेदनेनं ओठ आवळले आणि माती टाकली. त्याच्यामागून ऑस्टिनमामा आले. पांढराशुभ्र पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोळ्यांत पाणी. त्यांनी वाकून माती घेतली आणि टाकली.

इवा ते बघत होती. काहीतरी खटकलं, पण काय ते चटकन हाताला लागेना. घरी परतताना ती फाटकाशी थबकली. शिकलेली माणसं पुस्तकात जे शोधतात, ते तिच्यासमोर मातीत पडलं होतं.

ऑस्टिनमामांनी माती डाव्या हातानं टाकली होती.

५

"डावखुरे असतील," धम्मदीप म्हणाला.

"हार्मोनियम वाजवताना त्यांचा उजवा हात मी लहानपणापासून बघते आहे. सुरांवर उजवा असतो, भात्यावर डावा."

दोघं दयाबाईंच्या स्वयंपाकघरात बसले होते. इवानं चहा केला होता आणि तो आईसारखा झाला नव्हता.

"क्रमानं बघ," ती म्हणाली. "चौघींचा अंबाडा बांधलेला. म्हणजे रात्री झोपेत कुणीच गेलं नाही. दिवसाउजेडी गेल्या, आणि नंतर कुणीतरी त्यांना अंथरुणात ठेवलं. चौघींच्या डोक्यावर पदर. आमच्या बायका पदर कधी घेतात? चर्चमध्ये आणि प्रार्थनेत. बसून, डोळे मिटून, जुन्या रीतीनं. टोनीपुढं त्या तशा बसल्याच नसत्या. सुषमा प्रार्थना करायला येत नाही. बीपी बघताना कुणी कपाळापर्यंत पदर ओढत नाही."

"म्हणजे ज्याच्यासमोर डोळे मिटायला भीती वाटत नव्हती, असा माणूस."

"आणि मिटलेल्या डोळ्यांसमोरच त्यानं उशी उचलली."

धम्मदीपनं चहाचा कप खाली ठेवला. मग त्यानं तो प्रश्न विचारला जो इवाही स्वतःला विचारत होती. इतकं सगळं नीटनेटकं करणारा माणूस पदर का ठेवून जातो? पदर काढला असता, आकडे काढले असते, तर कुणालाच कळलं नसतं.

"आकडे त्याला माहीतच नसणार, तो पुरुष आहे. पण पदर त्यानं ठेवला, विसरला नाही." इवा हळू बोलत होती. "जुन्या मिशनच्या घरात वाढलेला माणूस प्रार्थनेतल्या बाईचं डोकं उघडं करत नाही. त्याच्या हातून होणारच नाही ते. उशी दाबली, पण पदराला हात लावला नाही. त्याच्या लेखी त्या अजून प्रार्थनेतच होत्या."

"आणि टोनीचं बँडेज?"

"दुखऱ्या हातानं त्यानं माती टाकली, कारण मूठमाती उजव्या हातानंच देतात. त्याला लपवायचं काही नव्हतं. मामांच्या हाताला वरून काही दिसत नाही, तरी त्यांनी तो वापरला नाही. वाजवलं नाही. काल माझ्या डोक्यावरसुद्धा डावा हात ठेवला. आईच्या मुठीत सुईचा मागचा भाग आहे, धम्मदीप. पुढचा भाग कुठं आहे ते एक्स-रेत दिसेल. डॉक्टरकडं ते जाऊ शकत नाहीत, कारण आता पोलीस केस झाली आहे."

एवढ्यात सुषमा दाराशी आली. भागुबाईचं बीपी बघायला गेले होते, म्हणाली, तर त्यांनी परत पाठवलं. दौंडचे मामा बसलेत, प्रार्थना चालू व्हायचीय, नंतर ये म्हणाल्या.

धम्मदीप उठायच्या आत इवा शेजारच्या दाराशी पोचली होती.

६

दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं हाक मारली नाही.

भागुबाई पलंगावर बसली होती. पदर कपाळापर्यंत, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. ऑस्टिनमामा समोर खुर्चीत होते आणि त्यांचा डावा हात पलंगावरच्या उशीवर नुसता टेकलेला होता. कदाचित त्या दिवशी ते काहीच करणार नव्हते. इवाला ते कधीच कळणार नव्हतं.

"मामा, चालू ठेवा," ती म्हणाली. "मीही बसते."

ती भागुबाईच्या शेजारी बसली. मामांनी डोळे मिटले, प्रार्थना पुन्हा सुरू केली. एकट्या म्हाताऱ्या माउल्यांबद्दल, दूर गेलेल्या लेकरांबद्दल, थकलेल्या जिवांच्या सुटकेबद्दल. शब्द फार सुंदर होते. मग त्यांचे डोळे हळूच उघडले. इवाचे मिटले आहेत का ते बघायला.

तिचे मिटले नव्हते.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. भागुबाईची प्रार्थना चालूच होती, "...आता ने रे प्रभू, किती दिस ठिवतोस..."

"उजवा हात दाखवा मामा," इवा म्हणाली.

त्यांनी दाखवला. अंगठ्याखालचा मांसल भाग सुजून लाल झाला होता, मधोमध एक काळा ठिपका. दारात धम्मदीप उभा होता. मामांनी त्याच्याकडं बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नाही, थकवा आला. लांबची ड्यूटी संपल्यावर येतो तसा.

"ऐकलंस ना ती काय म्हणाली?" ते इवाला म्हणाले. "सगळ्या हेच म्हणायच्या. ने रे प्रभू. रोज. तुम्ही पोरं पुण्याला, नाशिकला, दुबईला. ऐकायला कोण होतं? मी होतो. मी कुणाला मारलं नाही. मागितलं ते दिलं."

भागुबाईनं डोळे उघडले आणि पदराचं टोक तोंडात धरलं. "आवं, ते आपलं म्हनायचं असतंया," ती पुटपुटली. "दुपारी मी भाजीला मेथी निवडून ठिवलीया."

मामा बोलत राहिले. पहिली त्यांची स्वतःची आई. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळलेली, दर प्रार्थनेत मरण मागणारी. गावानं त्यांना श्रावणबाळ म्हटलं, इतकी सेवा कुणी केली नाही म्हणून. तिच्या दफनाला लोकांनी त्यांच्या गळ्यात पडून अश्रू ढाळले. त्या दिवशी आपण कुणीतरी आहोत असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. मग नोकरी संपली, हिरवा झेंडा दाखवायला गाडी उरली नाही. दौंडच्या चाळीतल्या आणखी दोघींची नावं त्यांनी सांगितली. त्यांच्याबद्दल कुणाला संशयसुद्धा आला नव्हता.

"माझ्या आईनं मागितलं होतं?" इवानं विचारलं. तिचा आवाज तिला स्वतःला अनोळखी वाटला, इतका सरळ होता.

मामा पहिल्यांदाच अडखळले.

"तिनं मला बोलावलं. एकटीला जगणं नको झालंय, म्हणाली. मला खरं वाटलं." त्यांनी सुजलेला अंगठा डाव्या हातात धरला. "प्रार्थना सुरू झाली. मी उशी घेऊन उठलो. आणि बघतो तर दयाबाई माझ्याकडं बघत होती. पदर होता, हात जोडलेले होते, पण डोळे उघडे. म्हणाली, ऑस्टिन, तीन जणींना अंघोळ घालताना मी विचारून आलेय, आता तू सांग. इतक्या वर्षांत माझ्यासमोर कुणी डोळे उघडे ठेवले नव्हते." ते थांबले. "तिच्यात जोर फार होता. सुई मोडली तरी मूठ सोडली नाही. मी ती उघडू शकलो नाही."

धम्मदीपनं त्यांना हाताला धरून उठवलं, डाव्या हाताला. दारातून जाताना मामांनी सवयीनं भागुबाईला म्हटलं, प्रभू तुमच्याबरोबर असो. भागुबाईनं कपाळावरचा पदर मागं सारला.

इवा जागची हलली नाही. तिच्या आत दुःख होतं, ते जाणार नव्हतं. पण त्याच्याही वर, मान ताठ करून, दुसरं काहीतरी उभं होतं. आई फसली नव्हती. आई लढून गेली, आणि जाताना मूठ लेकीच्या हातात उघडेल अशी व्यवस्था करून गेली. अंघोळ तू घालायची. बोलत न्हाई, सांगते.

७

एक्स-रेत सुईचं टोक दिसलं. अंगणातल्या बायकांनी सुषमाला घरी बोलावून जेवू घातलं. माफी कुणी मागितली नाही, पण तिच्या ताटात तूप जास्त पडलं. टोनी एकदा येऊन ड्रमशिवाय बसून गेला.

महिन्याभरानं दयाबाईंच्या घरी स्मरणाची प्रार्थना ठेवली. शिरूरच्या, कासुर्डीच्या, दौंडच्या बायका आल्या. खोली भरली. बोलणं दयाबाईंचंच होतं. कुणाच्या सुनेला तिनं कसं झापलं, कुणाच्या सासूला पेटीतसुद्धा आवडीची जांभळी किनार कशी दिली. हसणं झालं, रडणं झालं. सतरंजीवर एका कोपऱ्यात इवा बसली होती. तिच्या कुर्त्याच्या डाव्या खांद्यावर दोरा ओवलेली सुई होती. सुभक्ताबाईच्या जावेला परवा अंघोळ तिनंच घातली होती.

प्रार्थना भागुबाईनं घ्यायची होती. सगळ्यांनी पदर ओढले. भागुबाईनं तोंड उघडलं आणि थांबली. इवानं वर बघितलं तेव्हा तिला कारण कळलं. इतक्या बायका पदर घेऊन बसल्या होत्या, आणि एकीचेही डोळे मिटलेले नव्हते. सगळ्या एकमेकींकडं चोरून बघत होत्या. ऑस्टिन तुरुंगात होता, तरी त्यानं एवढं मात्र त्यांच्याकडून नेलं होतं.

इवा उठली. दाराशी जाऊन दाराला पाठ लावून बसली.

"मावशी, तुम्ही सगळ्या डोळे मिटा," ती म्हणाली. "मी बघते."

बायका क्षणभर तिच्याकडं बघत राहिल्या. मग सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं मिटले. मग तिच्या शेजारणीनं. मग खोलीभर. भागुबाईचा आवाज आधी कापला, मग ठरला. तिनं दयाबाईसाठी आभार मानले, साखरबाईसाठी, कुशाबाईसाठी, सुभक्ताबाईसाठी, दौंडच्या चाळीतल्या त्या दोघींसाठी. ने रे प्रभू असं ती म्हणाली नाही. आणखी थोडे दिवस दे, म्हणाली, मेथी चांगली आलीय यंदा.

इवा एकेकीच्या चेहऱ्यावरून नजर फिरवत राहिली. आईला कसं दिसायचं, ते तिला आता कळलं होतं.

प्रार्थना संपली. खोलीत एक श्वासभर शांतता राहिली, आई ठेवायची तेवढीच.

"आमेन," इवा मोठ्यानं म्हणाली.